त्यांचाच तर शब्द आहे!

‘त्यात काय वाईट? त्यांचाच तर शब्द आहे!’ कुणाला गावावरून, देशावरून, भाषेवरून काहीतरी म्हटलं आणि ते त्याला लागलं, की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पाठोपाठ शब्दकोश निघतो. मूळ अर्थ बघा, म्हणतात. मूळ अर्थ खरोखरच साधा असतो : अमुक ठिकाणचा माणूस. मग लागलं कुठे? तुमच्या मनाला. म्हणजे दोष तुमचा.

हा युक्तिवाद खोटा आहे. तो का खोटा आहे हे दाखवायला पोलंडच्या लोकांच्या इंग्रजी नावांइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही, कारण तिथे हा युक्तिवाद सगळ्यात मजबूत दिसतो. तो तिथेच टिकला नाही, तर बाकी कुठेही टिकणार नाही.

पोलिश भाषेत पोलंडच्या पुरुषाला ‘पोलाक’ म्हणतात आणि स्त्रीला ‘पोल्का’. ‘पोले’ म्हणजे शेत, मोकळं रान. तिथल्या पोलान्ये नावाच्या जुन्या टोळीचं आणि पुढे देशाचं नाव त्या शब्दावरून आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. थोडक्यात, पोलाक म्हणजे शेतवाल्या मुलखातला माणूस. पोलंडमध्ये हा शब्द पाठ्यपुस्तकात असतो, बातम्यांत असतो, फुटबॉलच्या मैदानात छाती फुगवून म्हटला जातो.

हाच शब्द इंग्रजीत ‘पोलॅक’ झाला आणि आज तो शिवी आहे. अमेरिकेत एखाद्या पोलिश घरातल्या माणसाला हा शब्द तोंडावर म्हणून बघा. मग त्याला सांगा, ‘अरे, तुझ्या आजीनेही स्वतःच्या माणसांना हेच म्हटलं असतं.’ हे शंभर टक्के खरं आहे आणि त्याचा शून्य उपयोग आहे.

सुरुवातीला इंग्रजीतही तो शिवी नव्हता. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीत पोलंडच्या लोकांसाठी बरीच नावं होती : पोल, पोलंडर, पोलोनियन, पोलॅक. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पोलॅक हा शब्द येतो आणि तिथे त्याचा अर्थ फक्त पोलंडचे लोक किंवा पोलंडचा राजा इतकाच आहे. अमेरिकेतल्या जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीत १६०८ मध्ये काही पोलिश कारागीर आले. डांबर, राळ, काच असल्या वस्तू बनवण्यात ते तरबेज होते. १६१९ मध्ये वसाहतीत पहिली विधानसभा भरली तेव्हा मतदानाच्या हक्कावरून त्यांचा वाद झाला आणि व्हर्जिनिया कंपनीला त्यांना तो हक्क द्यावा लागला. शिवाय काही तरुणांनी त्यांच्या हाताखाली राहून हे काम शिकावं असंही ठरलं. त्या नोंदीत त्यांना ‘पोलोनियन’ म्हटलं आहे. ज्यांच्याकडून काहीतरी शिकायचं होतं, त्यांचं नाव कागदावर नीट लिहिलं गेलं.

मग काय बिघडलं? शब्दाचं मूळ तर बदललं नाही. त्या माणसांची जागा बदलली. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फेऱ्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून खाल्ला आणि १९१८ पर्यंत तो देश नकाशावर नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथले गरीब शेतकरी लाखोंनी अमेरिकेला गेले तेव्हा त्यांच्या पाठीशी ना सरकार होतं, ना वकिलात. शिकागोचे कत्तलखाने, पोलादाचे कारखाने, पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणी. जिथे काम सगळ्यात घाण आणि मजुरी सगळ्यात कमी, तिथे ते लागले. १० सप्टेंबर १८९७ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या लॅटिमर इथे संपावरच्या खाणकामगारांचा निःशस्त्र मोर्चा अमेरिकेचा झेंडा घेऊन निघाला होता. शेरीफच्या माणसांनी त्यावर गोळ्या झाडल्या. १९ जण मेले, त्यांतले बहुतेक पोलिश, स्लोव्हाक आणि लिथुएनियन. शेरीफ आणि त्याची माणसं पुढे निर्दोष सुटली. ज्यांना मारलं तरी कुणाला शिक्षा होत नाही, त्यांच्या नावाचं काय होणार? ‘पोलॅक’ हा शब्द खाणीत आणि कारखान्यात शिवी झाला. शब्दकोशाने ती नोंद नंतर केली.

पुढे आले विनोद. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत ‘पोलिश जोक’ हा एक प्रकारच झाला. विषय एकच : हे लोक मठ्ठ असतात. बल्ब बदलायला किती जण लागतात वगैरे. तुम्हाला ते सगळे माहीत आहेत, कारण त्यांतले कित्येक तुम्ही सरदारजींच्या नावावर ऐकलेले आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथल्या भाषेत सांगायचं तर विनोद हा तयार टेम्प्लेट आहे आणि माणसांचा गट हा नुसता व्हेरिएबल. त्या जागी कोणतंही नाव टाका, कोड चालतो. यावरून एक गोष्ट कळते : त्या विनोदांत पोलंडबद्दल काहीही माहिती नाही. ज्या देशाने कोपर्निकस दिला आणि मेरी क्युरी दिली, त्याच्या लोकांबद्दल हे चालू होतं. पण हे उदाहरणही मी थोडं अनिच्छेनेच देतोय. आमच्यात शास्त्रज्ञ आहेत हे दाखवल्यावरच माणुसकीने वागवणार असाल, तर ज्याच्या गावात शास्त्रज्ञ नाही त्याने काय करायचं?

आता या युक्तिवादाच्या मर्मावर येऊ. इंग्रजीत ‘पोल’ हा साधा, सगळ्यांना माहीत असलेला शब्द होताच. विशेषण हवं असेल तर ‘पोलिश’ होता. दोन सरळ शब्द हाताशी असताना कुणी तिसरा उचलतो, तेव्हा ती निवड असते आणि त्या निवडीलाही अर्थ असतो. १९६८ चं उदाहरण बघा. स्पायरो अ‍ॅग्न्यू हे रिपब्लिकन पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. ते स्वतः ग्रीक स्थलांतरिताचा मुलगा. आपण गर्दीकडे गटागटाने बघत नाही असं सांगताना त्यांनी गटांची यादी दिली. काळ्या लोकांना तेव्हाच्या सभ्य इंग्रजीत जे म्हणत तेच म्हटलं, इटालियनांना इटालियन, ग्रीकांना ग्रीक. आणि पोलंडवाल्यांना पोलॅक. म्हणजे भेदभाव करत नाही असं सांगणाऱ्या वाक्यातच चार गटांपैकी एकाला वेगळं काढलं. टीका झाली. तरीही ते निवडून आले.

उलट बाजूही बघू. स्वीडिश भाषेत पोलंडच्या माणसाला ‘पोलाक’ म्हणणं हा नेहमीचा शब्द आहे. इटालियनमध्ये ‘पोलाक्को’ म्हटलं तरी कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. स्पॅनिशमध्ये तर गंमतच आहे : ‘पोलाको’ हा पोलिश माणसासाठी साधा शब्द, पण तोच शब्द कॅटलान माणसाला म्हटला की शिवी. कॅटलान लोकांचा पोलंडशी काडीचा संबंध नाही. म्हणजे एकाच मुळाचा शब्द एका भाषेत सरळ, दुसरीत शिवी आणि तिसरीत भलत्याच माणसाला शिवी. मूळ शब्दात अपमान असता, तर तो सगळीकडे गेला असता. मूळ शब्दामुळे निर्दोषपणा मिळत असता, तर तोही सगळीकडे गेला असता. दोन्ही होत नाही. तेव्हा ‘मूळ अर्थ बघा’ म्हणणाऱ्याने ज्या भाषेत, ज्या काळात, ज्या माणसासमोर तो बोलतोय तिथला अर्थ बघावा.

इथवर ज्यांना पटलं, त्यांतले अर्धे जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात : शब्द वाईट ना? घाला बंदी! आमच्या क्षेत्रात हे रोज होतं. नको असलेल्या शब्दांची यादी करायची, मजकुरात त्यांतला शब्द सापडला की अडवायचा. काम एका दिवसात होतं, मॅनेजर खूश. पण यादी अक्षरं जुळवते, माणसं ओळखत नाही. स्वतःबद्दल अभिमानाने लिहिणारा पोलंडचा मुलगा तिच्यात अडकू शकतो. साधं वाक्य लिहिणारा स्वीडिश माणूस अडकू शकतो. पोलाक, पोलॅक ही युरोपात आणि अमेरिकेत चांगली रुळलेली आडनावं आहेत. सिडनी पोलॅक हे हॉलिवूडचे नामवंत दिग्दर्शक होते. यादी जरा सैल ठेवली की अशी माणसं आपल्या आडनावामुळे दारातच अडतात.

आणि खरा विखार मात्र यादीच्या समोरून सरळ निघून जातो. पोलंड २००४ मध्ये युरोपीय संघात आला, त्यानंतर लाखो पोलिश लोक ब्रिटनमध्ये कामाला गेले. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्रजी आणि वेल्श सोडल्यास सर्वांत जास्त लोकांची मुख्य भाषा पोलिश होती. सुमारे ५ लाख ४६ हजार जण. जून २०१६ मध्ये ब्रेक्झिटचा कौल लागला आणि काही दिवसांतच हंटिंग्डन या गावात प्लॅस्टिकमध्ये मढवलेली छोटी कार्डं सापडली. इंग्रजी आणि पोलिश अशा दोन्ही भाषांत, वाचणाऱ्याला नीट कळावीत म्हणून. त्यांवर ‘पोलॅक’ नव्हतं. ‘पोलिश’ हाच सभ्य शब्द होता आणि पुढे उंदीर-घुशींसाठी वापरतात तसला शब्द. कुठल्या यादीत ‘पोलिश’ टाकणार? १९४० मध्ये नाझींनी जर्मनीत राबवायला नेलेल्या पोलिश मजुरांच्या कपड्यांवर एक बिल्ला सक्तीचा केला. पिवळ्या चौकोनात जांभळं ‘पी’. देशाच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर. तेवढं पुरलं.

सभ्य शब्द चांगल्या हेतूने वापरूनही घाव बसू शकतो. मे २०१२ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी यान कार्स्की यांना मरणोत्तर सन्मान दिला. ज्यूंच्या संहाराची साक्ष दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांपर्यंत पोहोचवणारा हा पोलिश माणूस. त्या समारंभात ओबामांनी नाझींच्या छावणीचा उल्लेख ‘पोलिश’ मृत्युछावणी असा केला. त्यांना म्हणायचं होतं पोलंडच्या भूमीवरची. पण विशेषण मालकीही सांगतं. छावण्या जर्मनीने व्यापलेल्या पोलंडमध्ये जर्मनांनी उभारल्या होत्या आणि त्यांत ज्यूंबरोबर पोलिश लोकही मेले होते. ओबामांनी पत्र लिहून खेद व्यक्त केला. इथवर ठीक होतं. मग २०१८ मध्ये पोलंडच्या सरकारने कायदाच केला : नाझींच्या गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकाल तर तीन वर्षांपर्यंत कैद. इतिहासकार आणि इस्रायल यांनी आक्षेप घेतला, कारण काही पोलिश लोकांनी ज्यूंवर केलेल्या अत्याचारांबद्दल बोलणंही त्यात धोक्याचं झालं असतं. काही महिन्यांत शिक्षेची कलमं काढावी लागली. तक्रार रास्त, उपाय घातक. शब्दावर पोलीस बसवले, की ते लवकरच सत्यावरही बसतात.

‘पण ते स्वतः हसतातच की!’ हाही एक ठरलेला बचाव. हसतात, आणि फार छान हसतात. २००५ मध्ये फ्रान्समध्ये ‘पोलिश प्लंबर’ची भीती घालून राजकारण झालं : तो स्वस्तात येईल आणि तुमचं काम खाईल. पोलंडच्या पर्यटन खात्याने एका देखण्या प्लंबरचं पोस्टर काढलं. तो म्हणतोय, मी पोलंडमध्येच राहतोय, तुम्हीच या. कॅटलान सरकारी वाहिनीवर २००६ पासून एक राजकीय विडंबनाचा कार्यक्रम चालतो, त्याचं नाव ‘पोलोनिया’. शिवी उचलून दारावर पाटी लावली. पण ही पाटी त्यांनी त्यांच्या दारावर लावली आहे. ती तुमच्या हातात शोभत नाही. अमेरिकेत ‘ऑल इन द फॅमिली’ या गाजलेल्या मालिकेतला आर्ची बंकर आपल्या पोलिश वंशाच्या जावयाला पोलॅक म्हणायचा. मालिकेला हसायचं होतं ते आर्चीच्या कोत्या मनाला. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ज्यांच्या मनात आधीच जास्त पूर्वग्रह होते त्यांना आर्ची आवडत होता. एकाच विनोदावर दोन माणसं हसतात, पण दोघांचं हसू एकच नसतं.

आता पोलिश लोकांना संतपद देऊन हा लेख संपवला तर ती लबाडी होईल. पोलिश भाषेत काळ्या माणसासाठी ‘मुझिन’ असा एक जुना शब्द आहे. तो ‘मूर’ याच अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला. पोलंडमधल्या काळ्या तरुणींनी २०२० मध्ये मोहीम काढली : आम्हाला हे म्हणू नका. उत्तर काय आलं? मूळ अर्थ बघा, साधा शब्द आहे, आम्ही लहानपणापासून म्हणतोय. ज्यांच्या आजोबांना अमेरिकेत हेच ऐकवलं गेलं, त्यांच्या देशात तेच उत्तर, शब्दशः तेच. पुढे पोलिश भाषा परिषदेच्या वतीने भाषातज्ज्ञाने मत दिलं, की सार्वजनिक व्यवहारात हा शब्द टाळावा. स्वतः सोसलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप कळत नाही, हे यातून घ्यायचं.

आणि हे आपल्याला लागू होतं. मराठीत पोलिश माणसासाठी शिवी नाही. खरं तर आपला त्यांच्याशी जवळचा संबंध आला आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, सोव्हिएत रशियाने सैबेरियात हाकलून दिलेली आणि इराणमार्गे इथवर आलेली. वॉर्सात त्याचं स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली तेव्हा आपल्याकडे ती बातमी अभिमानाने फिरली. अभिमान जरूर वाटावा. पण शिवी का तयार झाली नाही, याचं कारण आपलं मन मोठं एवढंच आहे का? मला तसं वाटत नाही. ते पाहुणे होते. त्यांनी आपल्या गिरणीत नोकरी मागितली नाही, आपल्या चाळीत खोली घेतली नाही आणि पाच वर्षांत ते गेले.

जे राहिले, ज्यांनी काम मागितलं, त्यांचं आपण काय केलं? ‘भय्या’ म्हणजे हिंदीत भाऊ. रिक्षावाल्याला ‘भैया, स्टेशन चलोगे?’ म्हणताना तो अजूनही भाऊच असतो. ‘तो भय्या बघ’ म्हणताना तो भाऊ राहत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेच्या भरतीची परीक्षा द्यायला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. तेव्हा या शब्दाचा अर्थ कुठल्या कोशात बघायचा? आणि गंमत अशी, की दुसरा अनुभवही आपल्याकडे आहे. ‘घाटी’ म्हणजे घाटावरचा माणूस. शुद्ध भूगोल. पण मुंबईच्या इंग्रजाळलेल्या कॉलेजात कुणी ‘सो घाटी’ म्हणतं तेव्हा सह्याद्रीची आठवण काढलेली नसते. आपल्या कपड्यांवर, उच्चारांवर, डब्यातल्या भाजीवर शेरा असतो तो. गोव्यात घाटापलीकडून मजुरीला आलेल्या माणसाला हाच शब्द कसा ऐकवला जातो, तेही जाऊन ऐका. घाटी म्हटल्यावर आपल्याला मिरची लागते आणि भय्या म्हणताना आपण शब्दकोश काढतो. हे दोन्ही एकाच तोंडाने करता येणार नाही.

‘मग काय, प्रत्येकाच्या भावना सांभाळत बसायचं?’ नाही. मतांवर वाद घाला, कडक घाला. पोलंडच्या सरकारवर टीका करा, बिहारच्या सरकारवर करा, महाराष्ट्राच्याही करा. मी फक्त नावाबद्दल बोलतोय. एखाद्या माणसाला काय म्हणायचं हा काही तात्त्विक प्रश्न नाही. ज्याला म्हणायचं आहे तो समोर आहे, आपण बोलतोय ती भाषा त्यालाही कळते, त्याला विचारता येतं. तो एक शब्द नको म्हणाला, तर दुसरा शब्द जवळपास नेहमीच तयार असतो. इंग्रजीत ‘पोल’ होता. मराठीत माणसाचं स्वतःचं नाव असतं.

व्युत्पत्ती वाचा, मजा येते, मीही वाचतो. पण ती शब्दाचा जन्मदाखला आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. पुढच्या वेळी तोंडातून ‘त्यांचाच तर शब्द आहे’ निघायला लागलं, तर तो त्यांच्याच तोंडी राहू द्या.